दोमलांनी भात बिघडवला ती संध्याकाळ

दिवे विझव आधी! विझव म्हणतो ना!

हां. आता उतर खाली. राग मानू नकोस भावा, तू नवीन आहेस, तुला कोणी सांगितलं नसणार. गॅसच्या टाक्या राहू देत गाडीत, त्या कुठं पळून जात नाहीत. आत ये, चुलीपाशी बस. चहा टाकलाय. तो मुरेपर्यंत तुला एक गोष्ट सांगतो, इथलीच, मागच्या उन्हाळ्यातली. ऐकलीस की तूच म्हणशील, हा जोरा आका ओरडला ते काही उगाच नाही.

मी इथला स्वयंपाकी. वर घुमटात जी दुर्बीण आहे तिच्यातलं मला ओ का ठो कळत नाही. पण इथं राहणाऱ्या माणसांना जेवायला लागतं, आणि जेवताना माणसं बोलतात. त्यामुळे सगळं माझ्या कानावर येतं.

दर उन्हाळ्यात हमदाम दोमला, म्हणजे आमचे गुरुजी, इथं शाळा भरवतात. शाळा म्हणजे पोरांची नव्हे, चांगल्या डिग्र्या घेतलेल्यांची. ताश्कंदची असतात, अल्माटीची असतात, दुशान्बेची असतात. मोठमोठी पुस्तकं कोळून प्यालेली. पण दोमला म्हणतात, "जोरा, यांना पोहण्याचं पुस्तक पाठ आहे. पाण्यात कोणी उतरलेलं नाही."

काय शिकवतात विचारशील तर मीही विचारलं होतं. दोमला गाजरं चिरत बसले होते, त्यांना तो नादच आहे. म्हणाले, "तुझ्या पोरीला स्थळ आलं तर चौकशी कशी करतोस? मुलाच्या आईला विचारून मोकळा होतोस?"

"छे! तिला काय विचारायचं, तिला तर आपला पोरगा सोन्याचाच वाटणार. शेजाऱ्याला विचारतो. न्हाव्याला विचारतो. त्याच्या जुन्या मास्तरालाही गाठतो."

"मग आम्ही तेच करतो. लांब कुठंतरी दोन मेलेले जड तारे एकमेकांवर आदळतात. त्याची बातमी एकाच माणसाकडून ऐकून चालत नाही. त्या धडकेनं सगळं जग एवढंसं थरथरतं. ती थरथर ऐकायला अमेरिकेत, इटलीत, जपानात लांबच लांब नळ्या बसवल्यात. ते कान. दक्षिण ध्रुवावर बर्फात यंत्रं पुरलीत, ती आरपार जाणारे कण पकडतात. ते नाक समज. आणि आपण डोळे. कानाला ऐकू आलं की तो सगळ्या जगाला हाक मारतो: अमुक बाजूला काहीतरी झालं, बघा! मग डोळ्यांनी धावायचं. कारण तो उजेड थांबत नाही, दोन-चार दिवसांत विझतो."

"आणि कान नेमकी जागा सांगतो का?"

"कान फक्त शेत दाखवतो. त्यातलं खरबूज आपण शोधायचं."

एवढं मला समजलं. एवढं पुरतं.

आता दोमलांची एक खोड. शाळा चालू असताना ते मधूनच खोटी हाक सोडतात. सगळ्यांचे फोन एकदम किंचाळतात, आणि ही मंडळी हातातला नान टाकून पळतात. नंतर कळतं, दोमलांनीच घातलेली होती. कधी कधी तर ते जुन्या फोटोत नव्या ताऱ्याचा ठिपकाही चिकटवून ठेवतात. खरी कुठली, खोटी कुठली, ते कधीच आधी सांगत नाहीत. विचारायचंही नाही, असा इथला नियम. तुम्ही आपलं खरं समजून पळायचं. आणि ज्यानं नसलेला तारा दिसला म्हणून बोंब ठोकली, त्याला शिक्षा: पुढचा ओश, कढईभर मांस-गाजराचा भात, त्यानं शिजवायचा. सगळ्यांसाठी. माझ्या देखरेखीखाली.

तर अशी ही मुनिसा माझ्या वाट्याला आली.

शाख्रिसाब्जची पोर. बारीक, गप्प, डोळे मात्र सारखे भिरभिरणारे. तिचा बाप सात्तोर-आका, भट्टीवाला. खाली बाजाराच्या कोपऱ्यावर त्याची नानची भट्टी आहे, तू खाल्ला असशील. झालं काय, या मुनिसानं एकदा ओरडून सांगितलं, नवा तारा दिसला! सगळे धावले. तो निघाला जुनाच तारा. दुर्बीण आपल्या खांबाच्या एका बाजूनं दुसऱ्या बाजूला वळली की चित्र उलटं येतं म्हणे, डोकं खाली पाय वर. हिनं जुना फोटो सुलटा धरला आणि नवा उलटा. बघत होती ती आकाशगंगा गोल, भाकरीसारखी. भाकरी उलटी काय, सुलटी काय, कळणार कसं? तिच्या डाव्या कडेचा तारा उजव्या कडेला दिसला, आणि हिला वाटलं, पाहुणा आला.

येर्किन नावाचा एक कझाक पोरगा होता, फाटक्या तोंडाचा. तो तिला म्हणाला, "मुनिसा, उद्या तू माझा फोटो उलटा धरशील आणि म्हणशील, याला दाढी नव्यानं आली."

सगळे हसले. तीही हसली, पण माझ्याकडे आली तेव्हा कांदा न चिरताच डोळे लाल होते.

"एवढं काय त्यात," मी म्हटलं. "ज्याला कधी चटका बसला नाही तो स्वयंपाकी कसला!"

"तसं नाही आका," ती म्हणाली. "शाळा संपली की दोमला एकाला इथं ठेवून घेणार आहेत. कायमचं. दुर्बिणीवर."

"माहीत आहे."

"मला ती जागा हवीय. आणि बाबांनी खाली शाळेत मास्तरणीची नोकरी बघून ठेवलीय. शेवटच्या दिवशी ते मला न्यायला येणार. तोवर दोमलांनी मला ठेवलं नाही, तर मी गाडीत बसायचं, असं ठरलंय. आता कोण ठेवतंय मला?"

मी काय सांगणार? म्हटलं, गाजर बारीक चीर, जाड राहिलं तर शिजत नाही.

त्यानंतर पोरीनं तोंडच शिवून टाकलं. काही दिसलं तरी बोलायची नाही. एकदा म्हणे दोमलांच्या खोट्या हाकेतला ठिपका तिनं सगळ्यांच्या आधी ओळखला होता, पण बोलला येर्किन. दोमलांनी येर्किनची पाठ थोपटली आणि तिच्याकडे नुसतं बघितलं. रागानं नाही. पण बघितलं.

आला शेवटचा दिवस. निरोपाचा ओश माझ्याकडेच, आणि शिक्षेपासून माझ्या हाताखाली रुळलेली मुनिसाही माझ्यासोबत. अंगणात मोठी कढई चढवली. खालून विद्यापीठाची चार मोठी माणसं येणार होती, आणि सात्तोर-आका. बाकीची मंडळी झऱ्यावर अंघोळीला गेलेली, कपडे बदलायला. दोमला आपले बाह्या सरसावून गाजरांच्या ढिगामागे. येर्किनची दुर्बिणीवर पाळी होती, पण उजेडात काय करणार, तोही आमच्यात बसून मनुके खात होता.

मांस परतून झालं, कांदा लाल झाला, गाजर पडलं. आणि सगळ्यांचे फोन किंचाळले.

येर्किननं फोनकडे बघितलं आणि पोट धरून हसला. "दोमला! निरोपाच्या जेवणालाही सोडत नाही का तुम्ही?"

दोमलांनी आपला फोन बघितला, खिशात टाकला, आणि पुन्हा सुरी उचलली. "मी आज आचारी आहे," एवढंच म्हणाले.

"कुठल्या बाजूला आहे?" मुनिसानं विचारलं.

"पश्चिमेला," येर्किन म्हणाला. "अंधार पडला की जरा वेळ दिसणार आणि डोंगरामागं जाणार. बघ, मुद्दाम जेवायच्या वेळेला घातलीय. आपण ओशला बसतो की दुर्बिणीला, ते बघायचंय त्यांना. मी ओशला बसणार. मी कझाक आहे, माझी परीक्षा जेवणातच होते."

मुनिसा हात पुसत उभी राहिली. सूर्य कड्यावर टेकला होता. तिच्या मनात काय चाललंय ते तोंडावर वाचता येत होतं. गेली आणि काही दिसलं, तर पुन्हा बोलायची पाळी. चुकली तर बापासमोर. विद्यापीठाच्या माणसांसमोर.

"खोटी असली तरी," ती हळूच म्हणाली, "बघायचं काम तर खरंच आहे ना?"

"म्हणजे तू जाणार?" येर्किन.

"तुझी पाळी आहे. तूही चल."

"अगं पण मनुके..."

"खिशात घे!"

पहिल्यांदाच तिचा आवाज चढलेला ऐकला मी. येर्किननं खरंच मूठभर मनुके खिशात कोंबले आणि तिच्यामागं पळाला. दोमला मान खाली घालून गाजर चिरत होते. सुरी मात्र जरा जास्तच जोरात चालत होती. आणि गाजरं तर कढईत कधीच पडली होती, भावा! हे आता कशासाठी चिरतायत, असं मनात आलं, पण मोठ्या माणसाला काय बोलायचं.

वर काय झालं ते मला येर्किननं नंतर सांगितलं. सांगतो तसंच.

कानानं दाखवलेलं शेत मोठं होतं. त्यात जेवढ्या आकाशगंगा कानानं सांगितलेल्या अंतरावर आहेत तेवढ्यांवर एकेक करून दुर्बीण फिरवायची. मुनिसा सांगत गेली, येर्किन फिरवत गेला. ही नाही, ही नाही, ही पण नाही. अंधार दाटायच्या आत आकाश जरा निळसरच होतं, फोटो धुरकट येत होते. आणि एका गोल आकाशगंगेच्या कडेला ठिपका. जुन्या फोटोत नसलेला.

"झालं," येर्किन म्हणाला. "परत भाकरी."

मुनिसाचा रंगच उडाला. तीच गोल आकाशगंगा, तसाच कडेचा ठिपका. आणि दुर्बीण पश्चिमेला वळलेली, म्हणजे चित्र उलटंच असणार. तिनं फोटो फिरवला. सुलटा केला. जुना शेजारी ठेवला. बाकीचे तारे जिथल्या तिथं बसले. ठिपका उरलाच.

"दोमलांनी चिकटवला असेल," येर्किन म्हणाला. पण आता हसत नव्हता.

"असेल. किंवा एखादा भटका दगड असेल, मधूनच जाणारा. दगड असेल तर सरकेल. थोडं थांबून दुसरा फोटो काढू. मग निळ्या काचेतून, मग लाल काचेतून. तीनदा विचारल्याशिवाय मी कोणाला काही बोलणार नाही."

"तोवर जाईल डोंगरामागं!"

"म्हणून तर म्हणते, बोलू नकोस, काढ!"

इकडे खाली मी कढईत तांदूळ पसरले, पाणी घातलं. तेवढ्यात बघतो तर घाटातून दिवे येतायत. पुढं एक छोटी दामास गाडी, मागं विद्यापीठाची. जेवण होईपर्यंत घुमट बंदच असणार म्हणून त्यांना कोणी सांगितलं नव्हतं, दिवे घालवून या म्हणून. त्या अक्रोडाच्या वळणावरून पुढं आलं की दिव्यांचा झोत थेट घुमटाच्या फटीत जातो. आत्ता तुझा गेला ना, तसाच.

वरून खिडकीतून येर्किन बोंबलला, "आका! गाड्या! दिवे!"

मी झारा तसाच हातात घेऊन पळालो. मागे वळून ओरडलो, "दोमला, कढई बघा! पाणी आटलं की झाकण घाला, ढवळू नका!" आणि या वयात, हे पोट घेऊन, उतारावर धावलो. वळणावर पोचलो आणि रस्त्याच्या मधोमध उभा राहिलो. हातात तेलकट झारा, अंगाला धुराचा वास. दामास करकचून थांबली.

"वेडा झालास का?" आतून सात्तोर-आका. "मेला असतास!"

"दिवे घालवा!"

"रस्ता दिसणार कसा?"

"बघायचा नाही. थांबायचं. इथंच."

"अरे माझी पोरगी वर आहे. तिला न्यायला आलोय मी."

"तुमच्याच पोरीसाठी थांबवतोय, आका. ती वर काहीतरी बघतेय. तिला अंधार लागतो."

तो भट्टीवाला माणूस, आयुष्य आगीसमोर गेलेलं. अंधार कोणाला लागतो, हे त्याला पटेना. पण मी झारा उगारून उभा. दिवे विझले. मागच्या गाडीचेही विझले. विद्यापीठाचा एक मोठा माणूस खाली उतरला, म्हणाला, "हे काय चाललंय, कोण आहात तुम्ही?" मी म्हटलं, "आचारी."

मग आम्ही सगळे रस्त्याच्या कडेला दगडावर बसलो. गाडीत नान होते, भट्टीतून नुकतेच काढलेले, कपड्यात गुंडाळलेले. त्यांचा वास सुटलेला. सात्तोर-आकानं एक तोडला, सगळ्यांना वाटला. मोठ्या माणसालाही दिला. डोळे अंधाराला सरावले आणि वर तारे दाटत गेले, एकावर एक.

बऱ्याच वेळानं सात्तोर-आका म्हणाला, "जोरा, हे रोज असे असतात?"

"रोज."

"मी पहाटे भट्टीवर उठतो. कधी वर बघितलंच नाही." मग म्हणाला, "ती काय करते नक्की वर?"

मी त्याला स्थळाच्या चौकशीचं सांगितलं. न्हावी, शेजारी, मास्तर. तो म्हणाला, "हं. म्हणजे पोरगी कोणाचं ऐकून विश्वास ठेवणारी नाही. हे आईकडून आलं."

तेवढ्यात वरून आरोळी आली. येर्किनची. शब्द कळले नाहीत, पण सूर कळला. आम्ही चालतच वर निघालो, गाड्या तिथंच सोडून.

वर काय बघतो! मुनिसा अंगणात दोमलांसमोर उभी. फोन हातात, आवाज ठाम.

"दोमला, मी सगळीकडे कळवलंय," ती म्हणाली. "नवा उजेड आहे. जुन्या फोटोत नाही. चित्र फिरवून बघितलंय. सरकत नाही, म्हणजे दगड नाही. निळ्यात ठळक आहे, लालमध्ये फिका, म्हणजे ताजा तापलेला. खात्रीचा आहे असं लिहिलेलं नाही, पण पश्चिमेकडच्यांनी तातडीनं बघावं असं लिहिलंय. तुमची हाक असेल तर... तर मी पुढचा ओशही शिजवीन. पण मला दिसलं ते मी सांगितलं."

दोमला उठून उभे राहिले. म्हणाले, "माझी हाक उद्या सकाळी होती, पोरी. न्याहारीच्या वेळी, सगळे निघण्याआधी. आजची माझी नाही."

येर्किन पुढं सरसावला. "म्हणजे खरी? आणि तुम्ही गप्प बसलात?"

"मी सांगितलं असतं तर तुम्ही माझ्या डोळ्यांनी बघितलं असतं. तुमचे डोळे कधी उघडणार?" मग कपाळ पुसत म्हणाले, "अजून थोडा वेळ तुम्ही उठला नसतात ना, तर मीच चपला टाकून पळालो असतो. देवाशप्पथ."

आणि तेव्हा मला वास आला. कढईकडे धावलो. झाकण उचललं. भावा, काय सांगू! ओश कुठला, सगळा शावला झालेला, लापशीसारखा गिचका. खाली करपलेला, वर पाण्याचा. त्यांनी ढवळला होता! झाकण घालायचं विसरले होते आणि ढवळत बसले होते. ज्या माणसानं आयुष्यभर माझ्या कढईत नाक खुपसून मला अक्कल शिकवली, त्यानं.

मी रागानं काहीतरी बोलणार होतो. पण मग समजलं. एवढी खरी बातमी पोटात दाबून बसलेला माणूस भात कसला शिजवणार? त्याचा जीव वरच्या खिडकीत होता, हात कढईत.

"दोमला," मी म्हटलं, "नियम आहे. पुढचा ओश तुमच्याकडे."

"मान्य," ते म्हणाले. "पण मी काही खोटी बोंब ठोकली नाही."

"तुम्ही खरी दाबून ठेवलीत. ते त्याहून वाईट."

मोठी माणसं, पोरं, सगळी हसली. सात्तोर-आका सगळ्यात जोरात. त्यानं गाडीतून नान आणले, पाठीवर वाहून, दिवे न लावता. आम्ही चटया टाकल्या आणि त्या शावल्यात नान बुडवून खाल्लं. सांगू का, वाईट नव्हता. येर्किननं तर तीनदा घेतला, म्हणाला, "कझाकस्तानात याला भात म्हणतात." मुनिसा जेवली नाही फारशी. फोन गुडघ्यावर ठेवून बसली होती. मग तो एकदा वाजला. तुर्कस्तानात अंधार पडला होता, तिथल्या दुर्बिणीनं बघितलं होतं. लिहिलं होतं, आहे, तुम्ही सांगितलंत तिथंच आहे.

तिनं तो फोन आधी बापाला दाखवला. बापाला काय कळणार, इंग्रजीतलं होतं. त्यानं तरी बराच वेळ धरून ठेवला, पुसला, परत दिला.

"दोमला," तो म्हणाला, "ती जागा अजून आहे का? इथं राहायची?"

"आहे."

"मग मी रिकामी गाडी घेऊन जातो. पण हिवाळ्यात तिला लोकरीचे मोजे लागतात. ती सांगणार नाही, म्हणून मी सांगतो."

"बाबा!" मुनिसा.

"काय बाबा? खोटं आहे का?"

झालं. एवढीच गोष्ट. मुनिसा तेव्हापासून इथंच आहे. आता तीच नव्या पोरांना शिकवते, आणि खोट्या हाका तीही सोडते, दोमलांपेक्षा जास्त दुष्टपणानं. सात्तोर-आका महिन्यातून एकदा नान घेऊन येतो आणि येताना वळणावर दिवे घालवून थोडा वेळ दगडावर बसतो. आम्हाला वर कळतं, तो आलाय, कारण दिवे येता येता मधेच नाहीसे होतात.

घे, चहा झाला. पियाली अर्धीच भरलीय बघ. हाकलायचं असतं तर काठोकाठ भरली असती.

आणि एक कर माझ्यासाठी. टाक्या उतरवल्या की निघताना दिवे लावू नकोस. कडेला पांढरे दगड रचलेत, ते अंधारातही दिसतात, त्यांच्या आधारानं हळू जा. अक्रोडाचं झाड मागं पडलं की मग लाव हवे तेवढे. तोवर नको. पोर वर कामावर आहे.